हेल्मेटच्या काचेला दोन वायरी

आमचं घर आंबोलीत आणि माझं काम वेंगुर्ल्याच्या बंदरावर. मी होड्यांचं वायरिंग करतो. ट्रॉलरवरचे दिवे, तळातलं पाणी उपसणारा पंप, वायरलेस सेट, फिशफाइंडर. सगळं बारा नाहीतर चोवीस व्होल्टवरचं. काम बारा महिने असतं, पण खरी गर्दी १ जून ते ३१ जुलै. त्या दोन महिन्यांत मासेमारी बंद. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि तेव्हाच मालकांना दुरुस्तीला सवड मिळते. त्यामुळे ज्या दिवसांत आंबोलीत कुणी विनाकारण उंबरा ओलांडत नाही, नेमक्या त्याच दिवसांत मी रोज सकाळी मोटरसायकलने घाट उतरतो आणि दिवेलागणीला चढतो.

आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटर उंच. वर्षाचा पाऊस सात हजार मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पण मला पावसाचा त्रास कमी आणि धुक्याचा जास्त. दाणोली सोडून वर चढायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या वळणापासून ढग रस्त्यावरच बसलेला असतो. बाहेर धुकं, आणि हेल्मेटच्या काचेला आतून वाफ. मला चष्मा आहे, म्हणजे तिसरा पडदा. काच उघडली तर पावसाचे थेंब चष्म्यावर बसतात, बंद केली तर आपलाच श्वास समोर भिंत होऊन उभा राहतो.

जुलै २०२२ मध्ये संध्याकाळी सात-सव्वासातला मी काच अर्धी उघडून चढत होतो. वळणावर दरडीतून सुटलेला एक धोंडा रस्त्यात पडला होता, साधारण मोठ्या फणसाएवढा. तो दिसला तेव्हा चार-पाच हातांवर होता. ब्रेक दाबला, गाडी सरकली, मी डोंगराकडच्या गटारात. डाव्या गुडघ्याला मार बसला आणि ऐन हंगामातले तीन आठवडे घरी बसून काढले. दरीच्या बाजूला गेलो असतो तर हे लिहायला उरलो नसतो. त्या तीन आठवड्यांत मी एकाच गोष्टीचा विचार केला: काचेवरची वाफ कशी घालवायची.

घरगुती उपाय मी आधीच करून झालो होतो. दाढीचा फेस लावून पुसला, टूथपेस्ट लावली, साबणाचं पाणी लावलं. पूर्वी एसटीचे ड्रायव्हर पावसात समोरच्या काचेवर तंबाखू चोळायचे, तोही प्रयोग केला. हे सगळं अर्धा तास टिकतं, मग धुऊन जातं. आमच्याकडे अर्धा तास म्हणजे सावंतवाडीसुद्धा मागे पडत नाही.

वाफ का धरते हे समजून घेतलं तेव्हा या उपायांचं अपयश कळलं. गार पाण्याने भरलेला तांब्या बाहेरून घामेजतो तसंच हे. श्वास साधारण चौतीस अंशांचा आणि पाण्याने भरलेला. काच पावसाने धुतलेली, वीस-एकवीस अंशांची. गार पृष्ठभागाला ओली हवा लागली की पाणी सुटणारच. थंडीच्या दिवसांत काच बोटभर उघडली की कोरडी हवा आत येते आणि वाफ पळते. आषाढात बाहेरची हवाच पाण्याने गच्च, ती आत घेऊन फारसं काही सुकत नाही. मग एकच मार्ग राहतो. काच श्वासातल्या बाष्पाला पाणी सोडता येणार नाही इतकी कोमट ठेवायची. काही अंशांचाच प्रश्न.

माझा मोठा भाऊ बोटीवर मोटरमन, म्हणजे इंजिनखोलीत कामाला, आहे. त्याची बोट कॅनडातल्या क्युबेक प्रांतात सेत-ईल नावाच्या बंदरात लोहखनिज भरायला जाते. मी गुडघा शेकत बसलो असताना फोनवर त्याला हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "थयसर बर्फावरची स्कूटर चालवतत ना, त्यांच्या हेल्मेटाच्या काचेक वायर असता. काच गरम होता." डिसेंबरमध्ये तो सुट्टीवर आला तेव्हा बंदरातल्या एका कामगाराने दिलेलं वापरलेलं हेल्मेटच घेऊन आला.

ही बर्फावरची गाडी म्हणजे स्नोमोबिल. पुढे दोन पट्ट्या, सुकाणूसारख्या वळणाऱ्या, आणि मागे चाकाऐवजी रबराचा रुंद फिरता पट्टा. तिचं मूळ क्युबेकमधलंच. तिथल्या जोझेफ-आर्मां बोंबार्डिए या मेकॅनिकने १९३७ मध्ये बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या पट्टा फिरवायच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं आणि १९५९ मध्ये एका-दोघांनी बसायची छोटी स्की-डू बाजारात आणली. तिकडे उणे वीस, उणे तीस अंशांत ही गाडी चालवतात. तिथे काचेवर वाफ नुसती बसत नाही, गोठते, आणि गोठलेली वाफ पुसता येत नाही. म्हणून तिथल्या हेल्मेटला दुहेरी काच असते. दोन काचांमध्ये हवेची पोकळी आणि एका काचेवर डोळ्यांना न दिसणारा, वीज वाहणारा पातळ थर. त्यातून बारा व्होल्ट सोडले की तो थर गरम होतो. नाकातोंडावर रबराचा एक मुखवटाही असतो, श्वास खाली वळवणारा. हँडलच्या मुठी, अंगठ्याने दाबायचं अ‍ॅक्सिलरेटर, तेही विजेवर गरम होतं. दोरी ओढून सुरू करायच्या कित्येक जुन्या स्नोमोबिलला बॅटरीच नसते. इंजिनावरच्या कॉइलमधून येणारी वीज थेट या गरम करायच्या वस्तूंना जाते. इंजिन बंद की ऊब बंद.

हेल्मेट हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा त्याच्या काचेची पिन पाहिली आणि बरं वाटलं. ती अगदी ओळखीची निघाली. टीव्हीला डीव्हीडी जोडायची पिवळी-लाल-पांढरी पिन असते ना, तीच, आरसीए. मध्ये काडी, भोवती गोल कडी. मल्टिमीटर लावला, बारा ओहम आले. म्हणजे चालू गाडीच्या चौदा व्होल्टवर सव्वा अँपिअरच्या आत, सोळा-सतरा वॉट. गाडीच्या हेडलाइटच्या निम्मं.

आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "डोक्याक वीज लावन् घाटात जातलंस? येडो झालंस काय रे?" तिची भीती मला रास्त वाटली, म्हणून मी तिच्यासमोर बॅटरीची दोन्ही टोकं दोन हातांत धरून दाखवली. बारा व्होल्टने माणसाला झटका बसत नाही. धोका झटक्याचा नाही, वायर शॉर्ट होऊन जळण्याचा आहे. तो वेगळा, आणि त्याचा बंदोबस्त करता येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पेज रटरटत होती. काचेला निम्म्या वेळ बॅटरी लावून आणि निम्म्या वेळ न लावता मी ती पेजेच्या टोपावर धरली. बॅटरी न लावता क्षणात दुधासारखी पांढरी. लावल्यावर मिनिटभराने मध्यापासून कडेकडे साफ होत गेली आणि मग वाफ तिच्यावर टिकेचना. मी ते तीनदा करून पाहिलं. दादा म्हणाला, "पुरे आता, पेज करपतली."

पण हे हेल्मेट घालून रस्त्यावर जायचं नाही हे मी त्याच दिवशी ठरवलं. आपल्याकडे दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क हवा, आयएस ४१५१ या मानकाचा. जून २०२१ पासून त्याशिवायचं हेल्मेट विकायलाही बंदी आहे. या हेल्मेटवर तो मार्क नव्हता. शिवाय ते वापरलेलं, आधी कधी आपटलेलं आहे की नाही कुणास ठाऊक. आत पोचलेला थर्माकोल बाहेरून दिसत नाही. त्याची काच काढून माझ्या हेल्मेटला बसवावी, तर बिजागऱ्या जुळत नव्हत्या. माझ्या हेल्मेटच्या कवचाला भोक पाडायला मी तयार नव्हतो आणि कुणी तयार होऊही नये. कवच एकसंध असतं म्हणूनच डोकं वाचतं.

दादाला सांगितलं की तिकडे कुठल्याही काचेला आतून चिकटवता येईल असा गरम होणारा, प्लास्टिकचा पारदर्शक पातळ पत्रा मिळतो का बघ. तसा मिळतो. कडेला डिंकाची रेघ असते, काचेला आतून चिकटवला की दोन काचांमध्ये पोकळी तयार होते. तो यायला २०२४ उजाडलं. २०२३ चा पावसाळा मी जुन्या पद्धतीने काढला, जीव मुठीत धरून.

मे २०२४ अखेरीस पत्रा हाती आला. चौदा ओहम. चौदा व्होल्टवर एक अँपिअर, चौदा वॉट.

चिकटवण्यात मी पहिली चूक केली. घाई होती, ६ जूनला, पाऊस सुरू झाल्यावर, पडवीत बसून चिकटवला. दोन काचांमध्ये आंबोलीची जूनमधली हवा कोंडली गेली. पहिल्याच संध्याकाळी घाटात आतली बाजू साफ आणि दोन काचांच्या मध्येच वाफ. बोट जात नाही, फडकं जात नाही, आणि गरम केलं तरी तिला बाहेर पडायला वाटच नाही. ओरबाडून काढावा लागला.

दुसऱ्या वेळी काच आणि पत्रा दोन्ही पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले. फिशफाइंडरच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या येतात, त्या मी कधी टाकत नाही. वीसेक पुड्या तव्यावर मंद भाजून डब्यात घातल्या. दोन दिवसांनी डबा उघडला आणि पाच मिनिटांत काम उरकलं. डिंकाची रेघ खराब झाली होती म्हणून सिलिकॉन वापरलं, पण व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नाही. त्या वासाचं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि तांब्याच्या जोडाला खातं. होड्यांवर मी त्याने कुजलेले जोड पाहिले आहेत. वास नसलेलं, न्यूट्रल लिहिलेलं घ्यायचं. आणखी एक: हेल्मेटची काच पॉलिकार्बोनेटची असते, तिला थिनर किंवा पेट्रोल लावायचं नाही. लगेच काही दिसत नाही, पण काच ठिसूळ होऊन तडकते. कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण पुरतो.

आता वायरिंग. इथे मी घरच्या अंगणात होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर दोन अँपिअरचा फ्यूज. वीतभरच, जास्त नाही, कारण फ्यूजच्या अलीकडची वायर कुठे घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं कुणी नाही. तिथून रिले, म्हणजे थोड्याशा विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणारं चुंबकी स्विच. एका अँपिअरला रिले कशाला, असं माझ्या सोबतच्या पोरानेही विचारलं. कारणं दोन. एक, माझ्या गाडीचं किल्लीचं स्विच जुनं आहे, त्याच्यावर भार वाढवायचा नव्हता. दुसरं कारण खाऱ्या हवेचं. गाडी दिवसभर बंदरावर उभी असते. खारट ओल बसलेल्या तांब्याला कळंक चढतोच, पण त्या वायरीत व्होल्टेज असेल तर तो झपाट्याने चढतो. प्लसची बाजू अक्षरशः विरघळत जाते. होडीवर सतत चालू असलेल्या पंपाची वायर सगळ्यात आधी जाते ती त्यामुळेच. किल्ली काढली की रिले सुटतो आणि पुढची पिन मृत होते. मग तिच्यावर नुसतं मीठ बसतं, आणि मीठ पुसता येतं.

रिलेला इशारा द्यायला मी हॉर्नची प्लस वायर घेतली. मागच्या दिव्याची घेणार होतो, पण मीटर लावून बघितलं तर तिच्यात एसी निघाली. जुन्या मोटरसायकलींत हेडलाइट आणि मागचा दिवा बॅटरीवर नसून थेट इंजिनाच्या कॉइलवर असतो, त्या बिनबॅटरीच्या स्नोमोबिलसारखाच. गरम होणाऱ्या काचेला एसी-डीसीचं काही सोयरसुतक नसतं, रिलेला आणि ऊब कमी-जास्त करायला मी नंतर लावलेल्या डिमरला असतं. न मोजता जोडलं असतं तर रिले तडतडत बसला असता.

वायर कलई केलेल्या तांब्याची, होडीवरची उरलेली. जोड सोल्डर न करता दाबून केलेले, वर आतून डिंक असलेली, गरम केली की आवळणारी स्लीव्ह. सोल्डर चांगलाच, पण जिथे तो संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. प्रत्येक वायरीला जोडाच्या आधी खाली झोळ दिला. पाणी वायरीवरून घरंगळत येतं. झोळ असला की तळाशी टपकून जातं, नसला तर सरळ जोडात शिरतं.

सगळ्यात जास्त विचार पिनेचा करावा लागला. होडीवर मी पाणी न शिरणारी, फिरवून कुलूप लागणारी पिन वापरतो. इथे ती वापरली तर माणूस पडल्यावर डोकं गाडीला बांधलेलं राहील. हे चालायचंच नाही. म्हणून आरसीएच ठेवली, नुसती घासून बसणारी, ओढली की सुटणारी. किती ओढ लागते ते मासे तोलायच्या स्प्रिंगच्या काट्याने मोजलं. आधी साडेतीन किलोला सुटत होती, मला जास्त वाटली. कडी थोडी सैल केली आणि विजेच्या जोडांना लावायचं सिलिकॉन ग्रीस भरलं. दोन किलोच्या आत सुटायला लागली. ग्रीसमुळे पाणीही आत जात नाही. वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा टोपीसारखा.

गाडीच्या बाजूला खोबण आणि हेल्मेटकडच्या दोरीला काडी, हेही ठरवून. उलट केलं तर सुटलेली जिवंत काडी टाकीला लागेल आणि फ्यूज उडेल. दोरी दोन्ही टोकांना काडीची असते, त्यामुळे आधी हेल्मेटला लावायची, मग गाडीला. काढताना आधी गाडीची. ही सवय पहिल्या आठवड्यात लावून घेतली. दोरी जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी गुंडाळीची. डाव्या गालाखालून, रेनकोटच्या आतून, टाकीच्या डाव्या कडेला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, पायावर उभं राहून, मान मागे वळवून बघितली, कुठे ताण येत नव्हता.

१९ जूनला पहिली खरी फेरी. दाणोलीला बटण दाबलं. दुसऱ्या वळणाला डोळ्यांसमोरचा पांढरेपणा मध्यापासून विरत गेला आणि मला रस्त्याकडेचे कठड्याचे दगड एकेक करून दिसायला लागले. बाहेरचं धुकं होतंच, ते कुठे जाणार? पण धुक्यात दहा-बारा हात दिसणं आणि काहीच न दिसणं यांतला फरक म्हणजे माझा मार बसलेला गुडघा. मी त्या वळणावर, जिथे पडलो होतो तिथे, गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलो.

वर पोचेपर्यंत मात्र चेहरा घामाने भिजला आणि डोळे कोरडे पडून चुरचुरायला लागले. चौदा वॉट हे उणे वीस अंशांसाठी आहेत. आपल्याकडे वीस अंश. आपली अडचण थंडीची नव्हतीच, ओलीची होती, आणि मी तिच्यावर बर्फातला इलाज पुऱ्या जोराने करत होतो. घरी कोविडच्या काळातली कपाळावर धरायची तापाची बंदूक होती. ती वस्तूचं तापमान मोजायच्या मोडवर टाकून काच तपासली. पडवीत, वारा नसताना, पूर्ण जोरावर अठ्ठेचाळीस अंश. मला तीसेक पुरे होते.

गणपतीच्या मखराला लावायच्या एलईडी पट्टीचा डिमर माळ्यावर पडला होता, बारा व्होल्टचा. तो वीज कमी करत नाही, सेकंदात शेकडो वेळा चालू-बंद करतो. जितका वेळ चालू तितकी ऊब. काचेला ते अगदी मानवतं. एक तृतीयांशावर ठेवला तर काच एकतीस अंशांवर स्थिर राहिली. म्हणजे पाचेक वॉट. एवढ्यावर आंबोलीचा आषाढ निभावतो.

पण दोनच दिवसांत विचित्र प्रकार झाला. चालत्या गाडीवर काच मध्येच चटके देण्याइतकी गरम व्हायची, मग आपोआप कोमट. फ्यूज शाबूत, व्होल्टेज बरोबर. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी लक्षात आलं की हे डिमर प्लस सरळ सोडतात आणि मायनस तोडतात-जोडतात. माझ्या खोबणीची बाहेरची कडी म्हणजे डिमरचा मायनस. ती खोबण मी पत्र्याच्या पट्टीने गाडीच्या बॉडीला आवळली होती, मध्ये रबर. ते रबर हादऱ्याने सरकलं की कडी बॉडीला टेकायची, आणि बॉडी म्हणजे बॅटरीचा मायनस. डिमरला वळसा घालून पूर्ण वीज काचेत. शॉर्ट नाही म्हणून फ्यूज उडत नव्हता. पत्र्याची पट्टी काढून नायलॉनची लावली, खोबण प्लास्टिकच्या डबीत बसवली, आणि डिमर टाकीच्या कडेला सुक्या जागी हलवला. त्यानंतर तो त्रास नाही. मखराचा डिमर कुणी असा वापरणार असेल तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

बॅटरीचं गणितही पाहिलं. गाडी उभी, इंजिन मंद, हॉर्न-इंडिकेटर धरून, काच पूर्ण जोरावर: साडेबारा व्होल्टच्या खाली, म्हणजे बॅटरी रिकामी होत चालली आहे. चढणीला इंजिन जोरात असताना चौदा. आंबोलीच्या धबधब्यापाशी शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. तिथे अर्धा-अर्धा तास उभं राहावं लागलं की मी काच बंद करतो.

एक उणीव राहिली आहे. दुहेरी काचेमुळे रात्री समोरच्या गाडीच्या एका दिव्याच्या मागे फिकट दुसरा दिवा दिसतो. पहिल्या रात्री मी दचकलो. नजर सरावते, पण ज्याला रोज रात्रीच चालवायचं आहे त्याने आधी कुणाची तरी घालून पाहावी. आणि ज्याला घाट चढायचा नाही, नुसतं मालवण-कुडाळ करायचं आहे, त्याला वायरीची गरजच नाही. बिनविजेचा, नुसती पोकळी तयार करणारा आतला पत्रा मिळतो, तो पुष्कळ काम करतो. तीन-चार तास सलग ओल्यात राहिल्यावर मात्र तो कडेने हार खातो, आणि माझे दिवस तसेच असतात.

आता दोन पावसाळे झाले. रविवारी पिनेतलं जुनं ग्रीस पुसून नवं भरतो, दोरीवर बोट फिरवून कुठे चीर पडली का बघतो. एकदा दोरी हेल्मेटजवळ आतून तुटली, बदलली. फ्यूज एकदाही उडालेला नाही.

गावातला दूध गोळा करणारा मुलगा पहाटे साडेचारला घाटाच्या तोंडापर्यंत फिरतो. गेल्या महिन्यात तो येऊन म्हणाला, "दादानू, माका पण असा एक बसवन दी." त्याची गाडी सध्या माझ्या पडवीत उभी आहे. काचेला हात लावायच्या आधी मी बॅटरीला मीटर लावला, तर इंजिन जोरात असतानाही बारा पॉइंट एक. इंजिनाच्या कॉइलकडून येणारी वायर जोडाशी हिरवी पडली आहे, स्लीव्ह सोलली की भुकटी गळते. ती वीतभर कापून नवी जोडायची आहे. आधी ते, मग काच.